हाक मारेपर्यंत वळायचं नाही

माझ्या मुलीला बाजार करायला मी शिकवलं. तिला त्या बाजारातून परत आणायला मात्र बाबूमामा लागला, आणि हे मी सात वर्षांनीही खुशीनं लिहीत नाही.

बाबूमामा केजच्या आठवडी बाजारात पालेभाजी विकतो. त्यानं एकदा भरबाजारात, "अक्का भाजी घेत न्हाई, पंचनामा करते," असं म्हटलं होतं. (मी फक्त जुडी सोडून काडी अन् काडी बघत होते. डोक्यावर गठुडं घेऊन चोळीचे खण विकत दुकान उभं केलेली बाई आहे मी, बघूनच घेणार.) तेव्हापासून आमचं बोलणं भाजीपुरतं.

राणी तेव्हा चौदाची. तिची समज वयाच्या मागून, स्वतःच्या चालीनं येते. खास मुलांच्या शाळेतल्या तिच्या बाई म्हणाल्या होत्या, "घरची बारकी कामं लावा. एकेक पायरी, रोज त्याच क्रमानं. मध्येच ओढून आणू नका." ओढण्याचा धडा मला आधीच मिळाला होता. नळावरच्या रांगेतून तिला एकदा दंडाला धरून बाजूला केलं, तर पोरीनं वर्षभर घागरीला हात लावला नाही.

काडेपेटी आणणं जमलं, दळण जमलं. मग बाजार. बाईंच्या मते पायऱ्या तीनच: भाजी निवडायची, नोट द्यायची, घरी यायचं. एवढ्यावर थांबले असते तर मी कसली? राणीला आकडे कळत नाहीत, म्हणून मी बिनआकड्यांची घासाघीस बसवली. तो काहीही भाव सांगो, "लई हाय" म्हणायचं, वळायचं आणि चालायला लागायचं.

"कुटवर?" राणीनं विचारलं.

"त्यो हाक मारेपर्यंत. मागं बघायचं न्हाई."

"तू हाक मारली तर?"

"मी कावून मारीन? भाजी त्याची हाय. त्यानंच मारायची."

सहा महिने ओट्यापासून न्हाणीपर्यंत सराव चालला. माझे यजमान बाबूमामा व्हायचे. त्यांना डुलकी लागली की राणी न्हाणीच्या भिंतीला नाक लावून उभी. (माझ्या डोक्यात तेव्हाच प्रकाश पडायला हवा होता.)

पहिल्यांदा एकटी सोडली, तेव्हा आम्ही दोघं लिंबाआड उभे राहिलो. राणीनं मेथीची जुडी निवडली, भाव विचारला, जुडी खाली ठेवली, "लई हाय" म्हणाली आणि वळली. एवढी ऐटबाज पाठ मी स्वतः कुणाला दाखवलेली नाही. माझा ऊर भरून आला.

बाबूमामानं हाक मारलीच नाही. तो शेजारच्या वांगीवाल्यासाठी तंबाखू मळत बसला.

राणीनं मिरच्यांची ओळ ओलांडली. मग भांडी, मग चपला.

"राणे, थांब," मी मागून ओरडले.

"तू न्हाई," ती न बघताच म्हणाली.

पुढं रस्ता, आणि रस्त्याकडेला अंबाजोगाईच्या जीपा. हाताला धरलं तर पुन्हा बाजाराचं नाव नाही. न धरलं तर पोरगी अंबाजोगाईला. यजमानांना तिच्यामागं लावलं आणि मी पळत बाबूमामाकडं गेले.

"मामा, राणीला हाक मारा."

"वळंल की. तुमची पोरगी हाय. तुमी न्हाई का चार बार वळत?"

"ती वळणार न्हाई. म्या शिकवलंय."

तंबाखूवरचा अंगठा थांबला. "काय शिकवलंय?"

सगळं सांगावं लागलं, पायरी पायरीनं. वांगीवाला पोट धरून हसत होता. तेवढ्यात यजमानांचा फोन आला, "अगं, जीपवाला इचारतोय, दोन शिटा का?"

"मामा, हात जोडते. म्हनाल त्या भावानं घेते."

बाबूमामानं मला डोळे भरून बघितलं. हे वाक्य ऐकायला तो माणूस किती वर्षं पोत्यावर बसला होता, देव जाणे.

"मंग सगळी पाटी घ्या."

"घेतली."

लगेच तो धोतर सावरत, जुडी घेऊन जो पळाला तो माझ्याही पुढं. राणीचा एक पाय जीपच्या पायरीवर होता.

"राणीबाई, घे गं माय. तुज्याच भावानं घे."

राणी वळली. तिला घाई नव्हती. जुडी पिशवीत टाकली, नोट दिली आणि शेवटची पायरी सुरू केली: घर. आमच्याकडं तिनं ढुंकून पाहिलं नाही. बाबूमामा धापा टाकत म्हणाला, "अक्का, गिऱ्हाईक असं पायजे." यजमान आणि मी मेथीची पाटी वाहत तिच्यामागून चाललो.

आता तिथं सिमेंटचे ओटे झालेत, लिंब गेला. बाबूमामाचे गुडघे धरलेत, म्हणून राणी वळायच्या आतच तो हाक मारतो. ती एकटी जाते, एकटी येते. दुपारी घर रिकामं असलं की मला कधी कधी ओट्यापासून न्हाणीपर्यंतचा आमचा तो बाजार आठवतो.

परवा राणीला ताप होता, म्हणून पिशवी मी उचलली. तर ती पांघरूण सारून उठली आणि चपला शोधायला लागली.

"बाबा, आय एकटी नगं," ती यजमानांना म्हणाली. "भांडंल."