पत्ता चुकलेले खांदेकरी

हे गेले त्या दिवशी दुपारी मी दत्तगुरूंशी भांडले. रडून विनवणी केली असं नव्हे, भांडले. लग्न होऊन लालबागला आले तेव्हापासून चाळीच्या दारातल्या दत्ताच्या देवळात मी सहसा गुरुवार चुकवला नव्हता. त्या दिवशी मात्र ह्यांना घरात जमिनीवर निजवलेलं होतं आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरची दारं एकामागून एक आतून लागत होती. कड्यांचा तो आवाज मी विसरलेली नाही. देव्हाऱ्यापुढे उभी राहून मी म्हटलं, "ज्या माणसानं अख्ख्या वस्तीला खांदा दिला, त्याला चार माणसं देता येत नाहीत तुला? मग तुझं नाव मी कशाला घेऊ?" आपला अनुभव सांगताना माणसं श्रद्धेपासून सुरुवात करतात. माझी सुरुवात संतापापासून आहे आणि तो लपवून लिहायची माझी इच्छा नाही.

ह्यांचा मसाल्याचा धंदा होता. बाजारात एक लहानसं दुकान, पुढे मिरची, धणे, खडा मसाला आणि मागच्या खोलीत डंख, म्हणजे लोखंडी मुसळांनी मिरची कांडायचं यंत्र. उन्हाळ्यात बायका भाजलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन रांगेत बसत, शिंकत, खोकत, गप्पा मारत. हे दिवसभर त्या धुळीत उभे. घरी आल्यावर हाताला तेल चोळून दोनदा साबण लावला तरी हात झोंबायचे. म्हणून मुलगी तान्ही असताना हे तिला तळव्यांनी कधी उचलायचे नाहीत, दोन्ही कोपरांवर तोलून घ्यायचे आणि गॅलरीत फेऱ्या मारायचे. शेजारणी हसायच्या, "भाऊ, पोरगी आहे ती, परात नव्हे." हेही हसायचे. रविवारी सुरमई आणली की पहिली तुकडी मुलीच्या पानात, दुसरी माझ्या, आणि आपण स्वतः डोक्याचं कालवण घेऊन बसायचे. डोकंच आवडतं असं सांगायचे. खरं होतं की नाही, मला कधी कळलं नाही.

धंदा आणि घर सोडलं तर ह्यांचं तिसरं काम एकच होतं. कुणाकडे मयत झाली की निरोप आधी ह्यांना यायचा. दुकान कामगारावर सोपवून हे निघायचे. बांबू, सुतळी, मडकं, सगळं आणायचे, तिरडी बांधायचे, दाखल्यासाठी धावायचे, आणि घरातले पुरुष कमी असले तर खांद्याची माणसं गोळा करायचे. परळच्या इस्पितळात गावाकडून आलेला एखादा रुग्ण दगावला आणि सोबत नुसती म्हातारी बायको असली, तरी ह्यांना कुणीतरी हाक मारायचं. जात कधी विचारली नाही. चाळीच्या गणेशोत्सव मंडळात हे नावापुरते सभासद होते, पण उत्सवात वर्गणीच्या पावत्यांपेक्षा ह्यांचं लक्ष पाण्याच्या पिंपाकडे आणि म्हाताऱ्यांच्या खुर्च्यांकडे असायचं.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा हे काम फार वाढलं. बाहेरच्यांना तो संप म्हणजे मोर्चे आणि भाषणं. आम्ही पाहिलं ते वेगळं. भोंगे बंद झाले, खानावळी बंद झाल्या, घराघरांतून भांडी बाहेर गेली, पुरुष जिन्यावर बसून राहू लागले. माणसं खंगून गेली आणि दाखल्यावर कुठल्यातरी आजाराचं नाव लागलं. उपासाचं नाव कुणी लिहिलं नाही, टाळेबंदीचं तर नाहीच. आमच्याच मजल्यावरचे परब, गिरणीत साचेखात्यात मागावर असलेले, त्याच वर्षी गेले. त्यांचा बाळा तेव्हा नुकताच कॉलेजात जाऊ लागला होता. ह्यांनी त्याला दुसऱ्या दिवशीपासून दुकानात पगारावर उभं केलं आणि त्याचं शिक्षण संपेपर्यंत त्याला तिथून हलू दिलं नाही. हे उपकार म्हणून सांगत नाही. ह्यांनी तरी कधी तसं म्हटलं नाही. पण पुढे जे झालं ते कळायला हे ठाऊक असायला हवं.

संपानंतर गिरण्या उठल्याच नाहीत. आधी चिमण्या थंड पडल्या, मग जमिनींना भाव आले, आणि एक दिवस आमच्या चाळीवरही बिल्डरचा माणूस आला. टॉवर होणार, प्रत्येकाला मोठी खोली मिळणार, फक्त संमतीवर सह्या करा. ह्यांचं म्हणणं साधं होतं. घर इथंच मिळेल आणि भाडेकरूंबरोबर पोटभाडेकरूंनाही मिळेल, हे करारात लिहून द्या, मग पहिली सही माझी. बिल्डर लिहून देईना. तोवर बाळा परब मंडळाचा अध्यक्ष झाला होता. मंडपाला बिल्डरच्या नावाची कमान लागली, ऑफिसात कूलर आला, आणि चाळीत कुजबुज सुरू झाली की मसालेवाल्या भाऊंमुळे टॉवर अडलाय. मग एका बैठकीत ठरलं म्हणे, भाऊंच्या घरी कुणी जायचं नाही, त्यांना कुणी बोलवायचं नाही. वाळीत टाकणं हा शब्द गावाकडचा. मुंबईत तो कुणी उच्चारत नाही, नुसता पाळतात. मुलीच्या लग्नाला चाळीतून एकच बाई आली, समोरच्या कांबळेवहिनी. हे तेव्हाही चिडले नाहीत. "त्यांना घराची भीती घातलीय गं," एवढंच म्हणाले. मला मात्र चीड आली होती, आणि आजही येते. भीती आम्हालाही होतीच की.

त्या सकाळी हे दुकानातच कोसळले. इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दुपारी गाडीनं चाळीच्या दारात आणलं. मुलगी, जावई आणि जावयांचे भाऊ धावत आले. ड्रायव्हरला मदतीला घेऊन जावई आणि त्यांच्या भावानं कसंबसं वर आणलं आणि ड्रायव्हर निघून गेला. माझे भाऊ रत्नागिरीला, ते पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला असता. दुकानातला कामगार गावी गेलेला. कांबळेवहिनी येऊन माझ्या शेजारी बसल्या. त्यांचा मुलगा कामावर होता, त्यांनी निरोप धाडला होता. बाकी दारं बंद. खाली मंडळाच्या ऑफिसात माणसं बसलेली जावयांनी पाहिली. ते खाली गेले, परत आले, आणि मान खाली घालून म्हणाले, "आई, ते म्हणतात बघतो. सह्या झाल्याशिवाय कुणी येईल असं वाटत नाही. पैसे देऊन हमाल आणू का चार?"

माझ्या अंगाची आग झाली. "ह्यांना भाड्याचे खांदे?" मी म्हटलं. "नाही. तसं व्हायचं असेल तर मी आणि पोरगी उचलू." आणि मग मी उठून देव्हाऱ्याकडे गेले, ते वर सांगितलंच आहे.

त्यानंतर काय झालं ते जसं घडलं तसं सांगते. जिन्यावर पावलं वाजली. दारात सातआठ माणसं उभी, धुतलेले पांढरे सदरे, कपाळाला अबीर. एकाच्या गळ्यात पखवाज, एकाच्या डोक्यावर पेटी, बाकीच्यांच्या हातात टाळ. पुढचा गृहस्थ साठीचा, रुंद खांद्यांचा. आत बघायच्या आधीच तो बोलून गेला, "दत्ताच्या देवळाची चाळ हीच न्हवं? तिसरा माळा सांगितला हुता, सत्यनारायणाच्या पूजेला. खाली देऊळ बघितलं आन् वर आलो." मग त्याची नजर जमिनीवर निजवलेल्या ह्यांच्याकडे गेली.

कांबळेवहिनी म्हणाल्या, "पूजा इथं नाही, बुवा. परळला अशीच एक चाळ आहे, तिच्याही दारात दत्ताचं देऊळ आहे. तुमचा पत्ता चुकला."

बुवा हलले नाहीत. त्यांनी टोपी काढली. "कोन गेलं, ताई?" त्यांनी मला विचारलं.

"माझे मालक."

"माणसं कुठं हायत?"

"नाहीत," मी म्हटलं. का नाहीत, ते मी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. मागे वळून ते आपल्या माणसांना म्हणाले, "पेटी ठेवा रं त्या वैनींकडं. दोघं जावा, बांबू घिऊन या." एक तरुण माणूस म्हणाला, "बुवा, पूजेचे लोक वाट बघत असतील." बुवा म्हणाले, "असतील."

एवढंच. त्यांनी तिरडी बांधली. मडकं कुणी धरायचं असा प्रश्न आला तेव्हा मुलगी पुढे झाली आणि बुवांनी सुतळी तिच्या हाताला बेतून बांधून दिली. तीन मजले त्यांनी ह्यांना असं उतरवलं की वळणावर कुठे धक्का लागला नाही. गॅलरीत पाऊल टाकताच त्यांनी भजन धरलं. ह्यांच्या घरात कुणी पाऊल टाकायचं नाही असं ज्यांनी ठरवलं होतं, त्यांच्या दारांवरून दत्ताचं नाव टाळांच्या गजरात गेलं. तेच नाव, जे मी थोड्या वेळापूर्वी टाकलं होतं. तेव्हा दारं उघडली. माणसं कठड्याला येऊन उभी राहिली. खाली फाटकापाशी बाळा परब चपला काढून उभा होता, डोळे पुसत होता. त्याच्या मागे बिल्डरचा माणूस होता. बाळा एक पाऊल पुढे आला, मग थांबला. बुवांनी त्याच्याकडे पाहून खांद्यावरची जागा थोडी मोकळीही केली. बाळा आला नाही. तो तिथंच उभा राहिलेला मी पाहिला, आणि ते मी कधी विसरले नाही.

तेराव्यानंतर तोच बाळा घरी आला. "वहिनी, भाऊंची शोकसभा ठेवलीय रविवारी. मोठा हॉल घेतलाय. तुम्ही स्टेजवर बसायचं."

"हॉल कुणी दिला?" मी विचारलं. बिल्डरनं, हे मला ठाऊक होतंच.

"बाळा, सभेला शंभर माणसं जमतील. मला त्या दिवशी चार हवी होती."

"वहिनी, माझ्यावर किती प्रेशर होतं तुम्हाला कल्पना नाही."

"आहे ना. तुझे वडील गेले तेव्हा ह्यांच्यावर पण होतं. संपवाल्याकडे जाऊ नका म्हणून व्यापाऱ्यांनी सांगितलं होतं. हे गेले." मी दार उघडून धरलं. सभा झाली म्हणतात. ह्यांच्या फोटोला मोठा हार घातला, समाजसेवक म्हणून भाषणं झाली. मी गेले नाही. आणि मी सहीही केली नाही, करारात सगळं लिहून येईपर्यंत. ते यायला काही वर्षं लागली, पण आलं.

देवाशी मात्र माझा अबोला राहिला नाही, आणि तो कसा सुटला हे सांगायलाच मी लिहायला बसले. मला वाटत होतं, ह्यांनी इतक्यांना खांदा दिला, तेव्हा त्यातले चार तरी परत यायला हवेत. देवानं तेवढी वसुली करून द्यायला हवी. आणि आले कोण? ह्यांच्याशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता ते. ह्यांनी पेरलेलं उगवलं असंही म्हणता येत नाही. ती फेड नव्हती, ते नुसतं मिळालं. ह्यांनी जे दिलं तेही असंच नुसतं दिलेलं होतं, हे मला त्या माणसांमुळे कळलं. योगायोग म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. चाळकऱ्यांवरचा माझा राग खरा आहे, तो गेला नाही. मी तो गुरुवारी देवळात घेऊन जाते, पायाशी ठेवते. परत येताना थोडा माझ्याबरोबर येतोच. तरी ठेवायला जागा आहे, हीच मोठी कृपा मानते.

काही महिन्यांनी कांबळेवहिनींना सोबत घेऊन, बुवांचा पत्ता विचारत विचारत, मी कॉटन ग्रीनला गेले. गोदामांच्या मागे त्यांची वस्ती. बुवा आणि त्यांची मंडळी गोण्या उचलणारे हमाल निघाले. पैसे देऊन आणू का म्हणून जावयांनी विचारलं होतं ते हेच, आणि ते न बोलावता आले होते. मी ओशाळले. घरचा मसाला नेला होता, तेवढा त्यांनी ठेवून घेतला. पूजेचं काय झालं, मी विचारलं. बुवा हसले. "लई बोलणी खाल्ली. फुडल्या पूजेला त्यांनी दुसरी मंडळी ठरिवली."

निघताना ते माझ्यामागून वस्तीच्या तोंडापर्यंत आले. थोडं घुटमळले. "ताई, एक इचारायचं राहिलं त्या दिशी. गेल्यालं मानूस, त्येंचं नाव काय हुतं?"

नाव ठाऊक नसताना त्यांनी ह्यांना स्मशानापर्यंत नेलं होतं. लग्नातल्या उखाण्यानंतर मी ह्यांचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं, आमच्याकडे बायका घेत नाहीत. त्या दिवशी गोदामाच्या रस्त्यावर, ट्रकांच्या धुळीत, मी ते स्पष्ट घेतलं.

"रघुनाथ," मी म्हटलं.

बुवांनी ते एकदा हळूच म्हणून पाहिलं आणि हात जोडले.