मामांनी पारखलेला डोंगर

कापसाच्या तेजीत सारं वऱ्हाड श्रीमंत व्हायला निघालं असताना एकच माणूस उपाशी राहायची तयारी करत होता, आणि तो नेमका माझा सख्खा मामा होता. दूर अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिकडचा कापूस बंद, म्हणून विलायतेला आमचा हवा. अकोल्याच्या बाजारात गाड्यांची रांग हलता हलत नसे. अशा दिवसांत मामा गाविलगडामागच्या थंड पठारावर राहायला जागा शोधत हिंडत. मुलीला स्थळ पाहावं तशी त्यांची चौकशी. माती जिभेवर ठेवून चघळत. हिवाळ्यात पाण्याची परात उघड्यावर ठेवत, पहाटे तिच्यावर बर्फाची पापडी दिसली की निकाल देत, "इथं तूर जळन, कुटकी निभन." डोंगरातल्या कोरकू म्हाताऱ्यांना गाठून, सगळ्यांत वाईट साली त्यांनी काय खाल्लं ते विचारत आणि ते कंद स्वतः खाऊन पाहत. एका कंदाने त्यांचा घसा दोन दिवस बसला. घरातले ते दोन दिवस फार सुखाचे गेले. शिवाय वर्षातून आठवडाभर घरात सराव म्हणून कुटकीचा, म्हणजे त्या डोंगरी भरड धान्याचा, भात आणि माणशी एक तांब्या पाणी. "पाऊस कवा चुकन, पन आमच्या घरचा दुष्काळ नाई चुकत," असं मामी शेजारणींना सांगे.

"एका वावरात तरी ज्वारी पेर," ते मला म्हणाले होते. मी बांधापर्यंत कापूस पेरला. वरून भर बाजारात दहा-वीस लोकांपुढे त्यांची नक्कल केली. ढेकूळ तोंडात धरून, डोळे मिटून मी मातीची चव पारखत होतो आणि लोक हसत होते. मग हसू एकाएकी थांबलं. मागे मामा उभे होते.

"थुकून टाक, बाबू," ते हळूच म्हणाले. "पोट दुखीन."

त्यानंतर ते मामीला घेऊन वर राहायला गेले.

त्यानंतर तिसऱ्या साली पाऊस चुकला. कापूस करपला, ज्वारी बाजारात दिसेना आणि कडबा नसल्याने बैल उभ्या उभ्या खंगले. शेवटी बायको आणि बैल घेऊन मी घाट चढलो. काय बोलायचं ते वाटभर जुळवत होतो. मामा झऱ्यापाशीच भेटले. "बैलाईले पानी पाज अगुदर," म्हणाले, आणि मामीला दोन माणसांचा भात वाढवायला सांगायला आत गेले.

दहा महिने आम्ही त्यांचं अन्न खाल्लं. नकलेचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढू लागलो की ते झऱ्याचं पाणी किती उतरलं ते विचारत.

पुढचा पाऊस चांगला झाला. आम्ही निघालो तेव्हा मामा घाटाच्या माथ्यापर्यंत आले. मी पायांवर डोकं ठेवलं, ते उचलवेना.

"काहून थांबला? उतार हाय, बैल सांभाळ," ते म्हणाले.

मी बैल सांभाळत उतरलो. ते बराच वेळ तिथे उभे होते, असं बायकोने नंतर सांगितलं. मी मागे वळून पाहिलं नव्हतं.