पाय न थांबणारी सायकल
अमरावतीत आम्ही पाचजण फिक्सी चालवायचो. या सायकलचं चाक फिरतं तोवर पेडलही फिरतं, उतारावरसुद्धा पायांना विसावा नसतो. मला ती शिकवली आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या ताईनं, ती झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती. पहिल्याच रविवारी मोझरीच्या रस्त्यावर मी सवयीनं पाय थांबवले आणि मुरमात आपटले. बाटलीतल्या पाण्यानं माझा गुडघा धुताना ताई म्हणाली, "भेऊन काहून राहिली? पायानं हळूहळू दाब देत जाय, थांबते ते."

मग मला अकोल्यात नोकरी लागली. बाकीचे तिघे पुण्याला गेले. इथे रविवारी मी एकटीच निघते, आणि बोलायला म्हणून मान वळवते तर बाजूला कुणी नसतं.

गेल्या महिन्यात ताईला भेटायला गेले. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. तिनं आधी विचारलं, "सायकल नाही आणली काय?"

"बसनं आले ना, ताई."

"मले नुसतं हँडल धरून पाहाचं होतं."

पुढच्या रविवारी मी सायकल टेम्पोत टाकून नेली. ताई अंगणात हँडल धरून बराच वेळ उभी राहिली. बसून पाहा, असं मला म्हणवलं नाही.