साहेबाला पाठ न दाखवणारा विरुपाक्ष

अणदूर मागं पडून कोसभर झालं, तरी विरुपाक्ष उलटाच चालत होता. तोंड आत्याकडे, पाठ नळदुर्गाकडे, कमरेत वाकलेला आणि उजवा हात कपाळाशी. दोन पावलं मागं, एक सलाम. पुन्हा दोन पावलं मागं, पुन्हा सलाम.

“आत्या, मागं खड्डा आला तर सांगा बरं का.”

“खड्डा न्हाय, बाभूळ आली,” शरणम्मा म्हणाली. तिनं ते जरा उशिराच सांगितलं.

विरुपाक्षानं शेरवानीत घुसलेली फांदी सोडवली आणि काही झालंच नाही असा पुन्हा वाकला. “साहेबाच्या म्होरनं निघताना पाठ दाखवायची नसती. तितंच निम्मे उमेदवार पडत्यात. उस्तादानं सांगितलंय.”

उस्ताद म्हणजे कचेरीतला एक म्हातारा चपराशी. त्यानं जन्मभर साहेबाचं दार उघडलं आणि लावलं. त्यामुळे माणसं आत कशी जातात आणि बाहेर कशी येतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आत काय होतं, ते मात्र ठाऊक नव्हतं. विरुपाक्ष वर्षभर त्याच्याकडे शिकायला जात होता.

जागा होती करोडगिरीतल्या कारकुनाची. सोलापूर इंग्रजाचं आणि इकडचं सगळं निजामाचं, तेव्हा हद्दीवरच्या नाक्यात गाड्या थांबवून मालाची जकात घ्यायची, हे करोडगिरीचं काम. विरुपाक्षाला ही नोकरी हवी होती ती बायकोसाठी. उमरग्याच्या बंडप्पानं, म्हणजे सासऱ्यानं, सिद्धम्माला सणाला म्हणून नेली आणि मागून निरोप धाडला, “जावई सरकारी नोकरीत लागल्याबिगर पोरगी नांदायला येणार न्हाय.” त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून विरुपाक्षाच्या भाकरी शरणम्माच थापत होती. त्यामुळे सरकारनं ही जागा लवकर भरावी, असं तिलाही फार वाटे.

तयारी म्हणाल तर विरुपाक्षानं कशातच कसर ठेवली नव्हती. उर्दू लिहायला शिकला. शेरवानी शिवली, ती गळ्याशी इतकी घट्ट, की ‘जी हुजूर’ सोडून दुसरं काही बाहेरच पडू नये. आणि घरातली कन्नड बंद केली. त्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या कन्नडात भाकरी मागितली, मेलेल्यांसाठी कन्नडातच रडलं. पण ‘नीरु’ म्हणून दिलेलं पाणी आता विरुपाक्षाच्या घशाखाली उतरेना. ‘पानी’ म्हणावं लागे. “कन्नड बोलणाऱ्याला साहेब गाडीवान समजतो,” तो म्हणायचा.

नळदुर्गाची वेस आली तसा तो सरळ झाला. रुमाल काढून त्यानं कपाळावरची विभूती पुसली.

“साहेबाला पाठ दाखवायची न्हाय, अन् महादेवाला चालती व्हय रं?”

“आत्या, महादेव मुलाखत घेत न्हाय.”

“घेतो की. सांगून घेत न्हाय, एवढंच.”

करोडगिरीच्या साहेबाचा मुक्काम सरकारी बंगल्यात होता. विरुपाक्ष आत गेला. शरणम्मा खिडकीखाली ओट्यावर बसली आणि मनातल्या मनात ‘ॐ नमः शिवाय’ म्हणू लागली. आतलं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. साहेबानं नाव विचारलं. “इस नाचीज को विरुपाक्ष कहते हैं,” हा म्हणाला. साहेबानं हिशेब विचारला, मालाची पारख विचारली. सगळं जमलं. मग साहेब म्हणाला, “कन्नडी आती है?”

शरणम्माचा जप थांबला.

“तौबा, हुजूर! वो तो गाडीवालों की जबान है. बंदे के घर में कोई नहीं बोलता.”

साहेबानं टाक खाली ठेवला. “जाओ.”

आणि विरुपाक्ष निघाला. काय सुंदर निघाला! चौदा पावलं, सात सलाम. उंबरा टाचेनं चाचपून असा ओलांडला, की ना ठेच, ना अडखळ. दारावरचा चपराशी नागप्पा बघतच राहिला.

“झालं ना काम?” विरुपाक्षानं घाम पुसत त्याला विचारलं.

“कशाचं काम! नाक्यावर येणारे गाडीवाले समदे आळंद-अक्कलकोटाकडचे. आधीच्या कारकुनाला त्येंचं कळंना, त्येंना ह्याचं. रोज भांडणं. म्हणून तर साहेब कन्नडवाला हुडकतोय. सकाळधरनं चौघं आले, एकालाबी येईना. तू अणदूरचा, लिंगायताघरचा. मला वाटलं, हा तर लागलाच!”

विरुपाक्षाचा चेहरा शेरवानीपेक्षा काळा पडला. तो दाराकडे वळला. “म्या जाऊन सांगतो, मला येतंय म्हणून.”

“आता सांगितलंस तर साहेब म्हणंल, बाहेर ऐकून आला अन् थापा मारतोय. तेला सोताला तर कन्नड येत न्हाय, पर गाडीवाल्यांची ऐकून ऐकून खरी कन्नड कानाला वळखू येती. जेवण झालं की त्या चौघांतल्याच एकाचं नाव लिहून हैदराबादला धाडणार.”

विरुपाक्ष मटकन पायरीवर बसला. गळ्याचं बटण काढलं तेव्हा कुठं त्याला श्वास आला. शरणम्मा कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभी राहिली. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. घरात कन्नड कुणीच बोलत नाही, तर मग त्याच्या आईनं त्याला पाळण्यात काय उर्दूत निजवलं? पण त्याचे डोळे भरलेले दिसले आणि तिनं शब्द गिळले.

त्यानं वर बघितलं. वर्षभरात पहिल्यांदाच, अगदी घरच्या कन्नडात, तो म्हणाला,

“आत्या, गिळू नका. आत चला, अन् साहेबाच्या म्होरं मला घरच्या बोलीत झाडा, मनात आहे तेवढं समदं. म्या उलटून बोलतो. दोघांचं जुंपलेलं ऐकलं की साहेबाला पटंल. लई शिव्या द्या आत्या, पर चला. मला सिद्धम्माला घरी आणायचंय.”