न दिलेले पास

इस्पितळाच्या धुलाईखान्यात दोघी जावा एकाच पाळीत कामाला. थोरली वाफेच्या इस्त्रीवर, धाकटी चादरी पिळायच्या यंत्रावर. राहायला एकाच घरात, आणि धुलाईखान्याच्या बायकांच्या फुटबॉल संघातही दोघी. थोरली पुढे, गोल मारायला. धाकटी मध्ये. आता मध्ये राहून ही करते काय? तर मागच्यांनी अडवलेला चेंडू घ्यायचा, मान वळवून बघायचं, आणि थोरली जिथे पोचणार तिथे ती पोचायच्या आधीच सोडायचा. सोडला की पुन्हा मागे पळायचं, कारण मधली जागा उघडी पडली की समोरच्या थेट आपल्या गोलपाशी. सहा वर्षं ही बाई अशी ढोरासारखी राबली, आणि टाळ्या कुणाला? थोरलीला!

तेही तिने गिळलं असतं हो. पण गेल्या वर्षी कप जिंकला, सत्कार झाला आणि इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "एवढे गोल जमतात तरी कसे?" थोरलीने माईक हातात घेतला, जराशी लाजली आणि म्हणाली, "मला काही करावंच लागत नाही. चेंडू आपोआप माझ्या पायाशी येतो."

आपोआप! तिसऱ्या रांगेत बसलेल्या धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आल्यावर नवऱ्याने वर मीठ चोळलं, "वहिनीने नाव काढलं बघ. तूही होतीस ना मैदानात?" तेव्हाच तिने मनाशी ठरवलं, आपोआप येतो काय? बघूच या कसा येतो ते. गोल कुणाच्या जिवावर होतात ते एकदा सगळ्यांना कळू दे.

मग वर्षभर पोटात एक आणि ओठांत एक. सकाळचा चहासुद्धा जावेच्या हातात नेऊन द्यायची. तिला हवा होता अंतिम सामना, कारण तेव्हा सगळा धुलाईखाना बघायला येतो.

समोर होत्या बस डेपोच्या कंडक्टर बायका. सामना सुरू झाला आणि धाकटीने एकही पास चुकवला नाही. डावीकडे दिला, उजवीकडे दिला, मागे दिला. नाव ठेवायला जागाच नाही! फक्त पुढे एकही गेला नाही. थोरली धावायची, हात वर करायची, "अगं, इकडे!" म्हणून ओरडायची. धाकटी तिच्याकडे नीट बघायची आणि चेंडू बाजूला सरकवायची. चेंडू सगळा वेळ यांच्याकडे, आणि हल्ला म्हणाल तर औषधाला नाही. मध्यंतरापर्यंत थोरलीच्या पायाला चेंडू दोनदा लागला, तोही कंडक्टर बाईच्या अंगावरून उडून आलेला. धाकटीने मोजलं होतं. तिला काय सुख झालं म्हणून सांगू!

मध्यंतरात संघ बघणारा मुकादम थोरलीवरच डाफरला, "पुढे झोपा काढतेस काय?" धाकटी टॉवेलने तोंड पुसता पुसता ऐकत होती. अजून थोडा वेळ नाचवू, मग शेवटी एकच पास देऊ. गोल झाला की लोकच म्हणतील, हिने दिला म्हणून झाला. असा तिचा बेत होता.

पण बाकीच्यांचा धीर सुटला. चेंडू पुढे जाईना म्हणून मध्ये खेळणारी तिची जोडीदारीण स्वतःच पुढे पळाली. तिच्यामागे बचावातली एक पळाली. मध्ये उरली एकटी धाकटी. ती काय काय सांभाळणार? कंडक्टर बायकांनी चेंडू हिसकावला, त्या रिकाम्या मैदानातून सरळ आल्या आणि गोल करून गेल्या. तिला जावेची खोड मोडायची होती, कप घालवायचा नव्हता.

शेवटचं मिनिट. चेंडू धाकटीकडे, आणि थोरली गोलसमोर एकटी. द्यावा आता! तिने पाय उचललाही. तेवढ्यात थोरली किंचाळली, "आण की! बघतेस काय बावळटासारखी?" धाकटीने चेंडू मागे दिला. शिट्टी वाजली.

बाहेर एकच गलका झाला. थोरली संपली म्हणे. मुकादम म्हणाला, "पुढच्या वर्षी दुसरी कुणीतरी बघावी लागेल." आणि जाता जाता धाकटीच्या पाठीवर थाप मारून गेला, "तू बिचारी एकदाही चुकली नाहीस."

कपडे बदलायच्या खोलीत दोघीच उरल्या. थोरली बाकावर बसली होती. रडत नव्हती.

"बारा वेळा मोकळी होते मी," ती म्हणाली. "बाराही वेळा तू बघितलंस."

धाकटी बुटांच्या नाड्या सोडत राहिली.

"माझे सगळे गोल तुझेच होते. कळलं मला. हेच सगळ्यांना कळायला हवं होतं ना तुला?"

"हो," धाकटी म्हणाली. वर्षभराचं विष त्या एका शब्दात होतं.

"मग बाहेर सगळे उभे आहेत. जा, सांग त्यांना, आज मी गोल का केला नाही ते."

धाकटी तरातरा दारापर्यंत गेली. दार उघडलं. सगळा धुलाईखाना समोर उभा होता.

"काय गं?" मुकादमाने विचारलं.

तिने तोंड उघडलं. मागे वळून बघायची तिची छाती झाली नाही.

"काही नाही," ती म्हणाली. "जाऊबाईंना पाणी हवंय."