दहा लाख नऊचे वाटे

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. सीवूड्सला घरीच अकरावीच्या गणिताचा क्लास घेतो. घाबरायचंच असेल तर पालक पुरेसे आहेत. तरीही हे लिहितोय...

गेल्या जूनमध्ये फळ्यावर १०,००,००९ लिहून मी ठोकून दिलं — ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, बाकी कशानेच भाग जात नाही. खात्री करायला वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे हजारपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. मी शंभरपर्यंत जाऊन कंटाळलो होतो. मोबाईलला विचारणं म्हणजे मास्तरने गाईड बघणं. सम्यका नावाची मुलगी उठून म्हणाली, "सर, मी दोनशेपर्यंत गेले. पुढचं बाकी आहे. मग मूळ आहे असं आत्ताच कसं म्हणायचं?"

पितळ उघडं पडायची वेळ. "तुझ्यात शंका जास्त, गणित कमी," असं बोलून गेलो. पोरं हसली. ती यायची बंद झाली.

शनिवारी तिच्या आईचा फोन. सोमवारी कॉलेजात विषयांचा फॉर्म द्यायचा होता आणि मुलगी गणित नकोच म्हणत होती. सर, तुम्ही तिला काय बोललात, एवढंच त्यांनी विचारलं. मी रेंज नसल्याचं नाटक करून फोन ठेवला. हो, इतका मी शूर.

रविवारी सकाळी बायकोबरोबर जवळच्या दिवाळे गावातल्या मासळी बाजारात सुका जवळा आणायला गेलो. एक म्हातारी मावशी ढिगाचे वाटे लावत बसलेली. मी उगाच विनोद मारला — मावशी, यात दहा लाख नऊ जवळे असतील ना, तर सारखे वाटे व्हायचेच नाहीत.

तिने मानही वर केली नाही. "कोन बोलतं? दोनशे त्र्यान्नव वाटं लाव. येक बी उरनार नाय."

घरी आल्यावर गंमत म्हणून जवळ्याच्या कागदावरच भागाकार मांडला. ३४१३. बाकी शून्य. पुन्हा केला. तेच. तव्यावरचा जवळा करपला तेव्हा भानावर आलो.

तसाच परत गेलो. मावशीने ओळखलं, पण म्हणाली, "मी तं पिशवी आनलीस का, येवढाच इचारला." बायकोनेही तेवढंच ऐकलं होतं, बाकीचं म्हणे मीच पुटपुटत होतो. अंतर्मन वगैरे म्हणाल, तर माझ्या अंतर्मनाला सतराचा पाढा धड येत नाही.

संध्याकाळी सम्यकाच्या घरी गेलो. आईसमोरच सांगितलं — मी चुकलो, तिची शंका बरोबर होती. २९३ कुठून आले तेही सांगितलं. वाटलं, हसतील. सम्यकाने गुणाकार करून पाहिला आणि वहीचं पान उलटलं.

"मग ३४१३ तरी मूळ आहे का बघू," म्हणाली. "आणि सर, या वेळी शेवटपर्यंत."

शेवट म्हणजे इथे वर्गमूळ, अठ्ठावन्नपर्यंत. ती भागत होती, मी चहा पीत होतो. मूळ निघाली. सोमवारी तिने फॉर्मवर गणित लिहिलं.

मावशीकडे अजून जातो. दुसरी एखादी संख्या विचारावी असं फार वाटतं... पण समजा, तिने उत्तर दिलं तर? जवळा घेतो, गुपचूप घरी येतो. ते २९३ मला कसे ऐकू आले, याचं कारण आजही सापडलेलं नाही.