सल्ला द्यायचा नाही म्हणे!

मार्केटात गोण्यांची थप्पी लागते तसे किस्से लागतात. आज एक पडतो, उद्या त्यावर दुसरा, आणि एक दिवस बघावं तर भिंत झालेली असते. मी तीस वर्षं पाठीवर गोण्या वाहिल्या. थप्पी उतरवायची ती वरून. खालची गोणी ओढणाऱ्याला अक्कल नसते. तेव्हा वरवरच्याच घेतो.

कंबर गेल्यावर पुतण्यानं मला कामोठ्यात एका सेंटरात शिपाई म्हणून चिकटवलं. दुसऱ्या मजल्यावर चार खोल्या. समुपदेशक व्हायला निघालेली पोरं एम.ए. करतात आणि इथं येऊन खऱ्या माणसांवर हात बसवतात.

मी पहिल्याच दिवशी विचारलं, "औषध देता का?"

"नाही काका."

"इंजेक्शन?"

"नाही काका. आम्ही ऐकतो."

ऐकायला एम.ए.! मी चौथी शिकलो आणि तीस वर्षं मुकादमाचं ऐकलं!

*

खरी माणसं कमी पडली की मला खुर्चीत बसवतात. मोठ्या मॅडम एक कार्ड देतात, त्यावर दुखणं लिहिलेलं असतं. ते आपलंच म्हणून सांगायचं. पेशंट म्हणायचं नाही, क्लायंट म्हणायचं. पगार शिपायाचाच.

पहिला पोरगा अनिकेत. खारघरचा, चष्मेवाला, गरीब स्वभावाचा. मी कार्ड वाचून म्हटलं, "सून माझ्याशी बोलत नाही."

तो मान हलवून म्हणाला, "सून तुमच्याशी बोलत नाही, असं तुम्हाला वाटतंय."

"वाटत नाही. बोलत नाही!"

"म्हणजे ती बोलत नाही याचा तुम्हाला त्रास होतोय."

"त्रास तुझा होतोय!"

मागं बसलेल्या मॅडमनी टाळी वाजवली. "वा अनिकेत! काकांचा राग बाहेर काढलास!"

राग बाहेर काढायला माझ्या बायकोला कधी शिकावं लागलं नाही.

*

पुढं ह्याच अनिकेतला शांतता शिकवली. क्लायंट गप्प झाला तर आपणही गप्प बसायचं, घाई करायची नाही. झालं. मी गप्प, तो गप्प. वर पंखा. जेवण नुकतंच झालेलं. मला डोळा लागला तो थेट घोरण्यापर्यंत. पोरगा हलला नाही! मी जागा झालो तेव्हा तो तसाच बसलेला, पाठ ताठ, चेहरा प्रेमळ.

नंतर त्यानं रिपोर्टात लिहिलं, "क्लायंटला माझ्याजवळ सुरक्षित वाटलं."

*

टिश्यूचे डबे भरणं माझं काम. प्रत्येक खोलीत एक. त्याचाही नियम आहे. माणूस रडायला लागला तर डबा त्याच्यापुढं सरकवायचा नाही. सरकवला की त्याला वाटतं, आता पुरे, डोळे पुस असं म्हणतायत. त्याच्या हाताला येईल असा ठेवायचा, बस्स.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. एक दिवस एक शिकाऊ पोरगी मॅडमची बोलणी खाऊन खोलीत एकटीच रडत बसली होती. मी डबा तिच्यापुढं सरकवला.

ती हुंदके देत म्हणाली, "काका, डबा... सरकवायचा... नसतो!"

मग मी तो उचलला आणि कपाटात ठेवून आलो. आणखी मोठ्यानं रडली.

*

एक खरे क्लायंट आले, करंजाड्याचे शेठ. पूर्वीचे शेतकरी, आता तीन बिल्डिंगींचे मालक. सख्ख्या भावाशी बोलणं बंद, त्यापायी बीपी वाढलेलं. डॉक्टरनं इकडं पाठवलं. एका शिकाऊ पोरानं त्यांच्यापुढं संमतीचा फॉर्म ठेवला तशी शेठ खुर्ची मागं सारून उभे राहिले.

"सही नाय करनार. मागं एक सही केली नि अख्खी शेती गेली!"

पोरगा घाबरला. म्हणाला, "शेठ, जमिनीचं काही नाही यात. एवढंच लिहिलंय, की तुम्ही जे बोलाल ते ह्या खोलीतच राहील. बाहेर कुणालाही कळणार नाही."

शेठ आणखी भडकले. "कुनालाच नाय? मंग माज्या भावाला कोन सांगनार?"

*

आता हर्षाली. ही उरणच्या मोऱ्याची, कोळ्याची पोर. लहानपणापासून आईबरोबर मासळी विकायला बसलेली, त्यामुळं समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत हिचं उत्तर तयार. आणि ह्या धंद्यात सगळ्यात मोठा गुन्हा कुठला, तर सल्ला देणं. माणसाचं उत्तर माणसालाच सापडू द्यायचं म्हणे!

मी तेच कार्ड वाचलं, "सून माझ्याशी बोलत नाही."

"तुमीच कायतरी वाकडं बोलला असाल," हर्षाली म्हणाली. "उद्या सकाली उठून तिला चाय करून द्या. आनि साकर नीट टाका."

मी घरी जाऊन चहा केला. खरंच सांगतो, सून बोलली! पण मॅडमनी हर्षालीला नापास केलं.

वर्षाच्या शेवटी पुन्हा एकदा परीक्षा. त्यातही सल्ला निघाला तर वर्ष गेलं. घरी बापानं सांगून ठेवलेलं, ह्या वेळी नाही जमलं तर पुस्तकं बांधायची आणि आईच्या शेजारी मासळीची पाटी घेऊन बसायचं. पोरगी रडकुंडीला आली.

"काका, मना गप बसाला नाय जमत. तोंडातून निंगूनच जातं."

मी म्हटलं, "तोंडात पाणी धर."

रोज दुपारी आमची प्रॅक्टिस. ती गाल भरून बसायची, मी खोटी दुखणी सांगायचो. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "बायको म्हणते मी घोरतो, मला वाटतं ती खोटं बोलते." सगळं पाणी माझ्या शर्टावर! पण हळूहळू जमायला लागलं. सल्ला वर यायचा, डोळ्यांत दिसायचा, आणि ती गिळायची.

ह्याच दिवसांत एकदा तिनं हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचल्या, आठ-दहा. मी ओरडलो. सेंटरात सगळ्यांना माहीत आहे, चारच्या वर खुर्ची मी चढू देत नाही.

"का वो काका? पडल्या तर खुर्च्याच पडतील ना?"

"चार म्हणजे चार!"

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मुकाट्यानं उतरवल्या. आडनाव पिसाळ, त्यात स्वभाव हा. मला कोणी फार विचारत नाही.

*

तर परीक्षा. खोलीत दोघंच, स्टँडवर कॅमेरा, लाल दिवा. पाऊण तासाचं रेकॉर्डिंग, ते मॅडम नंतर बघणार. एकदाच करायचं, पुन्हा नाही. माझ्या कार्डावर लिहिलेलं, "वय पन्नास, नोकरी गेली, झोप येत नाही." सोपं होतं.

मी म्हटलं, "झोप येत नाही."

हर्षालीनं थोडं थांबून विचारलं, "कवापासून?"

आता कार्डावर कधीपासून ते लिहिलेलंच नव्हतं! नोकरी गेली तेव्हापासून, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मी बोलून गेलो, "थप्पी कोसळली त्या दिवसापासून. मी लावलेली होती."

लाल दिवा चालू होता. ती उठली, कॅमेऱ्यापाशी गेली, दिवा विझवला, परत येऊन बसली. मग मी बोललो. काय बोललो ते इथं लिहिणार नाही. मघाशीच सांगितलं, खालची गोणी ओढायची नसते.

डबा माझ्या हाताला येईल असा होता. तिनं सरकवला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आधी तिला आत घेतलं. केबिनला काच असल्यानं मला दिसत होतं. मॅडम विचारतायत आणि ही पाणी भरल्यासारखे गाल करून उभी. दहा मिनिटांनी बाहेर आली ती माझ्याकडं न बघता जिन्यात जाऊन बसली. मग मला बोलावलं.

"काका, पहिल्याच मिनिटाला रेकॉर्डिंग बंद. ही सांगत नाही. तुम्ही सांगा, काय झालं?"

"खोलीतलं खोलीत राहतं, मॅडम."

"अहो, पण ही नाटकातली केस! कार्डावरचं दुखणं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

मी कार्ड खिशातून काढलं आणि त्यांच्या टेबलावर पालथं ठेवलं. मॅडमनी कार्डाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

मग मार्कांचा कागद पुढं ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"सल्ला दिला तिनं?"

"नाही."

"मध्ये बोलली?"

"नाही."

"धीर वगैरे दिला? होईल सगळं ठीक, असं?"

"नाही."

"मग केलं तरी काय तिनं, काका? मला इथं काहीतरी लिहावं लागेल."

"लिहा," मी म्हटलं, "कॅमेरा बंद केला!"